शंभर जंतू पुरले

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीची जमीन हादरली आणि दगडामातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले, त्यांतल्या कित्येकांची हाडं मोडलेली, जखमा मातीनं भरलेल्या.

मोडलेल्या हाडात रॉड किंवा प्लेट टाकली की डॉक्टरला आजही धास्ती असते ती पू होण्याची. लातूर असो की नांदेड, नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: ‘रॉड काढावा लागतो का?’ काढला तर न जुळलेलं हाड निसटतं. ठेवला तर जखम वाहतच राहते.

निर्जीव धातू जंतूंना एवढा का फळतो? पहिला धागा १९५७ साली हाती लागला, आणि तो खरोखरच धागा होता. एलेक आणि कॉनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले. पू व्हायला लाखो जंतू लागत. टाक्याचा रेशमी धागा सोबत असला, की काहीशे पुरत.

माणसावर याच्या पुढे जाणं शक्य नव्हतं. १९८२ साली वेर्नर झिमरली आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी गिनीपिगांच्या कातडीखाली टेफ्लॉनच्या सच्छिद्र नळ्या बसवल्या आणि त्यांत अवघे शंभर जंतू सोडले. ९५ टक्के नळ्यांत जंतुसंसर्ग झाला. आपोआप एकही बरी झाली नाही.

नवल असं, की नळीत पांढऱ्या पेशींची फौज हजर होती. मग जंतू मरेनात का? १९८४ मध्ये उलगडा झाला. नळी काही गिळता येत नाही. तिच्याशीच झुंजताना पेशींचा दारूगोळा संपत होता. जंतू समोर येईतो हात रिकामे.

औषधांचंही तसंच. प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी भराभर वाढणाऱ्या जंतूंवर होते. नळीला चिकटलेले जंतू मात्र सुस्तावून बसतात आणि परीक्षानळीत उत्तीर्ण झालेली औषधं गिनीपिगात नापास होतात. या सुस्त जंतूंनाही गाठणारं एक औषध निघालं, रिफॅम्पिसिन. क्षयाच्या रुग्णाची लघवी नारिंगी करणारं तेच. एकट्यानं दिलं तर जंतू त्याला लवकर निर्ढावतात, म्हणून जोडीदार हवाच.

१९९२ ते १९९७ या काळात स्वित्झर्लंडमध्ये ३३ रुग्णांवर चाचणी झाली. संसर्ग ताजा, हाडातलं इम्प्लांट (रॉड, प्लेट वगैरे) घट्ट बसलेलं. जखम साफ करून ते जागीच ठेवलं. उपचार पुरे केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीला रिफॅम्पिसिन घेणारे १२ पैकी १२ बरे झाले. नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर १२ पैकी ७. निकाल १९९८ मध्ये छापून आला.

किल्लारीची ती पहाट नेमकी या चाचणीच्या काळातली. रिफॅम्पिसिन तेव्हा भारतात होतंच, क्षयाचे रुग्ण ते घेत होते. रॉडला चिकटलेल्या जंतूंवरही तेच चालतं, ही ओळख मात्र अजून पटायची होती.