मोबाईल झोपतो कसा, उठतो कसा

कडा हे आष्टी तालुक्यातलं, कोरडवाहू पट्ट्यातलं गाव. शेतपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी उशाशी फोन ठेवून पडतो. मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असेल, तर लाईट आल्याचा कॉल येतो आणि मोटर घरूनच चालू होते. तोवर फोनही झोपलेला असतो. पडदा बंद, मुख्य प्रोसेसर थांबलेला; पण मोडेम जागा असतो. कॉल आला की तोच इंटरप्ट, म्हणजे हाक, देऊन प्रोसेसरला उठवतो.

ही झोप सांभाळतं अँड्रॉइडच्या मुळाशी असलेलं लिनक्स कर्नल. कॅमेरा, वायफाय, टचस्क्रीन अशा प्रत्येक उपकरणामागे ते चालवणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर असतो. सगळा फोन झोपवायचा तर आधी टोकाचं उपकरण, मग ते ज्या बसवर, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावर, आहे ती बस. उठवताना बरोबर उलट.

डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ या आवृत्तीने आणखी एक सोय दिली. राफाएल विसोत्स्की यांच्या या कामामुळे फोन जागा असतानाही वापरात नसलेलं एकेक उपकरण झोपवता येऊ लागलं. हिशेब साधा आहे. ड्रायव्हर वापरापूर्वी एक आकडा वाढवतो, काम झालं की कमी करतो. शून्य झालं की झोप. सारखं झोपवणं-उठवणंही महाग पडतं, म्हणून थोडं थांबायचं. यूएसबीसाठी हा थांबा सहसा दोन सेकंदांचा.

आकडा कमी करायचा राहिला तर उपकरण झोपतच नाही आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते. जिथे लाईट तासन्‌तास नसते तिथे ही चूक फार महाग.

त्याहून वाईट चूक म्हणजे झोपलेल्या उपकरणाचं रजिस्टर, म्हणजे त्याच्या आतला माहितीचा कप्पा, वाचायला जाणं. पीसीआय या बसवर वीज तोडलेलं उपकरण उत्तर देत नाही. हाती येतात सगळे बिट एक, आणि बेसावध ड्रायव्हर तीच खरी माहिती समजतो. काही मोबाईल चिपांत घड्याळ-संकेत बंद असताना वाचलं तर बस उत्तराची वाट पाहत राहते, अख्खा फोन गोठतो. इंटरप्टची तार दोन उपकरणांत सामाईक असेल तर शेजाऱ्याच्या हाकेनेही झोपलेल्याचा ड्रायव्हर धावतो. म्हणून सगळा फोन झोपवण्याचा शेवटचा टप्पा कर्नल इंटरप्ट-हँडलर बंद करूनच उरकतं. चाचणीत उपकरण बहुधा जागंच असतं, त्यामुळे हे दोष महिनोन्‌महिने लपून राहतात. ड्रायव्हर लिहिण्यातला हा भाग मला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित वाटतो.

लिनक्सचा लॅपटॉप असलेल्या कुणाही विद्यार्थ्याला हे पाहता येतं. सिसएफएस या कर्नलच्या माहिती-फोल्डरांत प्रत्येक उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ते जागं आहे की झोपलेलं, हे कर्नल स्वतः लिहून ठेवतं.