दोऱ्यांविना नाचणारी बाहुली

दोस्तांनो, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ कधी पाहिलाय? सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ करत आलेत. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कलावंताने बोट हलवलं की दोरी ताणली जाते आणि बाहुलीचा हात वर होतो. किती सोपं, नाही का?

आता अशी बाहुली डोळ्यांसमोर आणा, जिला दोरीच नाही! ती संगणकाच्या पडद्यावर उभी आहे. तुम्ही हात वर केलात की तीही करते. तुम्ही मान वाकडी केलीत की तीही करते. मधे आहे फक्त एक छोटासा वेबकॅम. या बाहुलीला म्हणतात 'अवतार'. हा शब्द आपलाच बरं का! साऱ्या जगाने तो आपल्याकडून उचललाय.

आधी जरा मागे जाऊ

नायगावातून दादर स्टेशनकडे निघालात की दादासाहेब फाळके मार्ग लागतो. याच दादरमध्ये फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' तयार केला. १९१३ साली तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पण त्याआधी, १९१२ साली, त्यांनी एक गंमत केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो वाढत असताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपलं. चित्रं भराभर दाखवली आणि काय आश्चर्य! पडद्यावर रोप सरसर वाढलं! म्हणजे हालचाल हा मुळात स्थिर चित्रांचा खेळ. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्याच सुमारास, १९१५ साली, अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी खऱ्या माणसाचं चित्रीकरण करून त्यावरून एकेक चित्र गिरवायची युक्ती काढली. कार्टूनमधला विदूषक खऱ्या माणसासारखा चालू लागला. पुढे २००२ साली 'द टू टॉवर्स' या चित्रपटातल्या गॉलमसाठी अँडी सर्किस या नटाने खुणांचे ठिपके लावलेला खास पोशाख घातला. आपल्याकडे २०१४ साली रजनीकांतच्या 'कोचडैयान'मध्येही हेच तंत्र होतं. पण त्याला लागायचे ढीगभर कॅमेरे आणि ढीगभर पैसे. आता तेच काम, जरा ओबडधोबड का होईना, घरातला वेबकॅम करतो. कसं? ऐका.

तेहतीस ठिपक्यांचा माणूस

साधा वेबकॅम सेकंदाला साधारण ३० चित्रं काढतो. ६४० गुणिले ४८० मापाच्या एका चित्रात ३,०७,२०० ठिपके असतात. त्यात माणूस कुठे, हे संगणकाला काय ठाऊक? म्हणून त्याला आधी शिकवावं लागतं. हजारो फोटोंवर 'हे कोपर, हा गुडघा' अशा खुणा करून ते त्याला दाखवतात. पुढे नवा फोटो समोर आला की तो स्वतःच अंदाज बांधतो.

गूगलने २०१९ साली सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या 'मीडियापाइप'मध्ये अंगावरच्या ३३ जागा शोधतात. मोजा हवं तर! चेहऱ्यावर ११, खांद्यांपासून बोटांपर्यंत १२ आणि कमरेपासून पावलांपर्यंत १०. शिवाय तळहात वेगळा तपासायचा असेल तर प्रत्येक हातावर २१.

खांदा कुठे आणि कोपर कुठे, हे कळलं की दंड कोणत्या दिशेला आहे ते कळतं. मग अवताराच्या आतलं 'हाड' तेवढंच वळवायचं. हो, अवतारालाही सांगाडा असतो! 'ब्लेंडर' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो तुम्ही स्वतः बसवू शकता. गंमत म्हणजे २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा केले आणि ब्लेंडर सर्वांसाठी मोकळं करून घेतलं.

जुळणी करू या

समजा तुमच्या संगणकावर लिनक्स आहे. वेबकॅम लावा. लिनक्सच्या जगात प्रत्येक यंत्र म्हणजे एक फाइल! 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये 'व्हिडिओ ०' दिसेल. कधी कधी एकाच कॅमेऱ्याच्या दोन फाइली दिसतात, 'व्हिडिओ ०' आणि 'व्हिडिओ १'. घाबरू नका. दुसरीत बहुधा चित्र नसतं, चित्राची माहिती असते. काळा पडदा दिसला तर आकडा बदलून पाहा.

मग पायथॉन आणि त्यात मीडियापाइप बसवा. नुसता चेहराच हलवायचा असेल तर 'ओपनसीफेस' हा हलका प्रोग्रॅम जुन्या संगणकावरही चालतो. अवतारासाठी 'व्हीआरएम' नावाची फाइल घ्या. ही पद्धत २०१८ साली जपानमध्ये सुरू झाली. सुरुवातीला अवतार दोन्ही हात पसरून, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा उभा असतो. तुम्हीही तसेच उभे राहिलात की दोघांची मापं जुळवता येतात. शेवटी 'ओबीएस' वापरून त्याची फिल्म काढा.

खोली लहान आहे?

तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे हो, पण आमच्या घरात जागा कुठाय?" प्रश्न रास्त आहे. नायगावच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या. तिथली एक खोली १६० चौरस फुटांची. त्यात कपाट, खाट, स्वयंपाक आणि अख्खं घर! साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायांपर्यंत वेबकॅममध्ये मावायला सात-आठ फूट अंतर लागतं. मग काय करायचं?

एक युक्ती सांगतो. वेबकॅम आडवा असतो, तो उभा करा, म्हणजे कुशीवर वळवा! चित्राची लांब बाजू आता वरखाली येते आणि तेच काम पाच-सहा फुटांत होतं. चित्र पुन्हा सरळ करायचं काम प्रोग्रॅमकडे द्या. तेवढीही जागा नसेल तर खुर्चीत बसा, कमरेवरचं अंगच दाखवा आणि अवताराचे पाय बंद ठेवा. नाहीतर न दिसणाऱ्या पायांचा संगणक मनानेच अंदाज करतो आणि तुमचा अवतार बसल्या जागी लंगडी घालतो!

आणखी तीन गोष्टी. पहिली, खिडकीकडे पाठ करून बसू नका, तोंड करून बसा. उजेड कमी पडला की वेबकॅम एकेक चित्र सावकाश घेतो आणि हात पुसट दिसतो. दुसरी, फार ढगळ कपडे नकोत, त्यात कोपर-गुडघे लपतात. तिसरी, घरच्यांना सांगून ठेवा. नाहीतर आजी मागून चहा घेऊन गेली की प्रोग्रॅम तुम्हाला सोडून आजीच्या मागे लागायचा!

अवताराचे हात थरथरतात? साहजिक आहे. प्रत्येक चित्रात अंदाज थोडा इकडे, थोडा तिकडे होतो. मागच्या काही चित्रांची सरासरी घेतली की थरथर थांबते. पण सरासरी फार घेतलीत तर अवतार आळशी होतो. तुम्ही हात खाली आणलात तरी त्याचा वरच! मधला मार्ग तुम्हीच शोधायचा. एकाच कॅमेऱ्याला खोली नीट कळत नाही, म्हणून हात सरळ कॅमेऱ्याकडे केलात तर तो हमखास चुकतो.

दोरी कोणाच्या हातात?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिंगुळीच्या बाहुलीच्या दोऱ्या कलावंताच्या बोटांत असतात, त्या आपल्याला दिसतात. इथे दोऱ्या दिसत नाहीत. कॅमेरा तुमचा चेहरा, तुमचं घर, मागे झोपलेलं तान्हं बाळ, सगळं पाहत असतो. ते चित्र जातं कुठे?

फुकट मिळणारं प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसतं. मुक्त सॉफ्टवेअरचा मजकूर कोणीही उघडून वाचू शकतं, म्हणून लपवाछपवी अवघड जाते. आणि एक परीक्षा तर तुम्हीही घेऊ शकता. सगळं बसवून झालं की इंटरनेट बंद करा. अवतार तरीही नाचतोय? म्हणजे काम तुमच्याच संगणकावर चाललंय. थांबला? मग मोठ्यांना विचारा आणि तो प्रोग्रॅम काढून टाका. कॅमेऱ्याचं काम झालं की त्यावर कागदाची पट्टी चिकटवायला विसरू नका.

घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणक कक्षात सरांना किंवा बाईंना विचारा. लिनक्स शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरिअल' प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत.

स्टेजवर जायचं म्हटलं की पाय लटपटणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी! चेहरा न दाखवता गोष्ट सांगा, नाटुकलं करा, विज्ञानाचा प्रयोग समजावा. आवाज तुमचा, हातवारे तुमचे, पडद्यावर अवतार. मग तो कोण असेल? राक्षस, परी, की चाळीतलं मांजर? काढा तर वही आणि आधी त्याचं चित्र काढा!