बाजरीची राखण

पहाटे 5:50
पारनेर तालुका. पोळा नुकताच झालाय, बाजरी दाण्यात आलीय. मावशी माळ्यावर चढतात. चार बांबू, वर फळ्या. हातात घरी वळलेली गोफण, फुटका तेलाचा डबा, ओट्यात ढेकळं. रोज तीनशे रुपये. सकाळ-संध्याकाळ पाखरं हाकायची, मधल्या वेळात कांदा खुरपायचा.

6:20
पहिला थवा उतरतो. "हाऽऽ हुर्रऽऽ!" गोफण डोक्याभोवती फिरते, एक टोक सुटतं. थवा उठतो आणि वीस पावलांवर पुन्हा बसतो. पुन्हा आरोळी. त्यावर डबा.

8:00
थव्यात सुगरणीच जास्त. त्यांचे खोपे विहिरीवरच्या बाभळीला. तिकडं मावशी दगड टाकत नाहीत, "शेतात आल्यावर बघू." पिवळ्या डोक्याचे नर उसाच्या पानाच्या चिरफळ्या आणून विणतायत. खोपा अर्धा झाला की नर त्याला लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरून बघते. पटलं तर राहते. मग नर खालची नळी विणून पुरी करतो आणि दुसरीसाठी नवा खोपा घालायला घेतो. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1930 साली किहीम गावी बसून हा सगळा व्यवहार टिपला होता. गाणं म्हणाल तर किचकिच, आणि शेवटी एक लांबट घरघरती शीळ.

"घर बघूनच पोरगी देत्यात," मावशी म्हणतात. "गाणं कोण इचारतंय?"

11:30
कांद्याची खुरपणी. वाफ्यात बसून पुढं सरकायचं. गुडघे बोलतात.

गाण्यावरून आठवलं: उन्हाळ्यात इथल्याच विजेच्या खांबावर दयाळ पक्षी गायचा. दर पहाटे, लांबलचक, वळणावळणाचं. त्याचा संसार सहसा एकीशीच, आणि पिलांना दोघं भरवतात. युरोपात बोरूच्या बेटांत राहणाऱ्या वटवट्यांवर पक्षीअभ्यासक क्लाइव्ह कॅचपोल यांनी 1980 साली असंच काही मांडलं: एकीशी संसार करणाऱ्या जातींची गाणी लांब, गुंतागुंतीची, अनेकींशी करणाऱ्यांची आखूड, साधी. पहिल्यांत मादी नराला पारखते, दुसऱ्यांत त्याच्या जागेला. सगळ्या पक्ष्यांना हा हिशोब लागू पडत नाही. या विहिरीवर मात्र पडतो.

1:00
भाकरी, ठेचा, कांदा. कांदा मालकाचा.

4:30
पुन्हा माळा. आता आरोळी फाटकी निघते. मावशी खडीसाखरेचा खडा गालात धरतात. दहा रुपयांची पुडी आठवडाभर पुरवायची, ती स्वतःच्या पैशातून.

7:00
पाखरं झाडांवर गेली. बांधाच्या गवतातून लांबून बुलेट जावी तशी घुरघुर येते. लाव्यासारखा दिसणारा एक पक्षी आहे, पण लाव्याच्या कुळातला नाही. त्याची मादी ही हाक देते. अंडी घालते आणि दुसरा नर शोधायला निघते.

"आन अंड्यांवर कोण बसतंय?"

"नर."

मावशी पदर तोंडाला लावून हसतात. मग डबा उलटा करून बघतात, बोटानं वाजवतात.

"मालकाला सांगा, उद्याला दुसरा डबा पायजे. ह्याचा आवाज बसला."