बॅटरीच्या कात्रीची धार

श्रीगोंदा तालुक्यातल्या बागांत लिंबू आणि डाळिंब ही दोन्ही झाडे काटेरी आणि सतत छाटणी मागणारी. लिंबाची वाळलेली सल आणि पाणसोट काढायचे, डाळिंबाचा बहार धरण्याआधी फांद्या छाटायच्या, म्हणजे दिवसभरात शेकडो वेळा कात्री दाबावी लागते आणि संध्याकाळी मनगट भरून येते. बॅटरीवरच्या कात्रीने हा त्रास वाचवला, हे फार चांगले झाले. पण तिच्यामागून एक समजही आला, की कापायला मोटार आहे, मग धारेची एवढी चिंता कशाला? माझे मत नेमके याच्या उलट आहे. साध्या कात्रीपेक्षा बॅटरीच्या कात्रीचे पाते जास्त जपावे लागते.

कारण सोपे आहे. साधी कात्री बोथट झाली की पहिली खबर हाताला लागते. जोर वाढवावा लागतो आणि माणूस आपसूक दगड शोधतो. मोटारीला मनगट नसते. पाते बोथट असो वा धारदार, बटण दाबले की फांदी खाली पडतेच. फरक दिसतो तो छाटलेल्या जागी. धारदार पात्याचा काप गुळगुळीत असतो, साल कडेपर्यंत चिकटलेली असते. बोथट पात्याने साल सुटते, तंतू लोंबतात आणि लाकूड चेपते. अशी जखम भरायला वेळ लागतो. लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या हे दोन्ही रोग झँथोमोनास गटातल्या जिवाणूंमुळे होतात आणि जखम ही त्या जिवाणूंची उघडी वाट असते. तेल्याने बागा कशा उजाड होतात, हे डाळिंबवाल्यांना वेगळे सांगायला नको.

या कात्रीत एक पाते हलते आणि दुसरे, आकडीसारखे, स्थिर असते. धार फक्त हलत्या पात्याला आणि तीही एकाच बाजूने असते. म्हणून दगड किंवा बारीक कानस त्या उताराच्याच बाजूने, मूळचा कोन धरून फिरवावी. सपाट बाजू घासली तर दोन पात्यांत फट पडते आणि फांदी मध्ये दुमडते. तिथे उलटलेली बारीक कड तेवढी दगडावर आडवी धरून अलगद काढावी. ग्राइंडरवर घाईने धार लावली तर पाते तापून निळसर पडते, म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. मधला नटही महत्त्वाचा. सैल असेल तर काप फाटका येतो. फार आवळला तर मोटार तापते आणि बॅटरी लवकर उतरते. यातले कोणतेही काम करताना बॅटरी आधी काढून ठेवावी. मोठी फांदी तोडणारे यंत्र बोट ओळखत नाही.

एवढा वेळ कोणाला आहे, मजुरी तर दिवसावर चालते, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर जादा पात्यात आहे. धारेचे पाते जवळ असले की दुपारच्या सुट्टीत बदलता येते आणि उतरलेल्या पात्याला संध्याकाळी सावकाश धार लावता येते. बदलताना मागचे दात गिअरच्या दातांत कंपनीने सांगितल्याप्रमाणेच बसवावेत. एक दात चुकला तरी कात्री पुरती मिटत नाही. दुसरा आक्षेप असा, की निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइट वापरले तर पाते गंजते. गंजते हे खरेच, पण म्हणून रोगट झाडाची कात्री तशीच निरोगी झाडाला लावणे परवडणारे नाही. पाते त्या द्रावणाने पुसावे आणि काम संपल्यावर चीक काढून, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून, कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. कात्री मात्र पाण्यात बुडवू नये, आत मोटार आहे.

पाते कायमचे कधी टाकावे? खाच एवढी खोल असेल की धार लावूनही जात नाही, तडा दिसत असेल, किंवा घासून घासून पाते इतके अरुंद झाले असेल की मिटल्यावर टोके एकमेकांना ओलांडत नाहीत, तर नवे घ्यावे. तोवर रोज सकाळी पहिली हिरवी काडी कापून तिचे तोंड नीट बघा. साल सुटलेली दिसली, तर त्या दिवशी छाटणी सुरू करण्याआधी धार लावा.