समुद्राला शिट्टी नसते

मराठी माणूस एकटा प्रवासाला निघाला, की लोकांना पहिली शंका येते ती त्याच्या घराबद्दल. 'सगळं ठीक आहे ना?' हा प्रश्न काळजीच्या सुरात विचारला जातो, पण त्यात चौकशीच अधिक असते. आपल्याकडे प्रवास म्हणजे सोबत. वारीला दिंडी लागते, काशीला जायचं तर गावातली चार माणसं लागतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले तेही चुलत्यांबरोबर. तेव्हा वाटा बेभरवशाच्या होत्या, सोबत म्हणजे जिवाची हमी होती. आता वाटा सुरक्षित झाल्या, पण सोबतीची सवय राहिली. तिचंच आजचं रूप म्हणजे ग्रुप टूर.

बँकेत असताना आमचे सगळे प्रवास एलएफसीच्या ब्लॉकप्रमाणे होत. ब्लॉक संपत आला, की कुटुंब गोळा करून कुठंतरी जायचं आणि परत आल्यावर तिकिटं जोडून बिल सादर करायचं. निवृत्तीनंतर बिल कुणाला द्यायचं नव्हतं, तरी सवयीनं आम्ही दोघं जानेवारीत राजस्थानच्या अकरा दिवसांच्या सहलीला गेलो. बसमध्ये चाळीस माणसं. जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, चित्तोड.

ग्रुप टूरची चेष्टा करणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. सामान उचलायला माणूस, जैसलमेरच्या वाळवंटात वरणभात, गुडघे दुखणाऱ्या आजींना हात देणारा टूर मॅनेजर, या गोष्टी लहान नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या कितीतरी बायका अशा सहलीतच पहिल्यांदा आयतं जेवतात. आमच्या बसमधल्या एका आजींनी तर सांगितलं, की घरी परतायची कल्पनाच नको वाटते.

पण दमणूक होते, आणि ती पायांची नसते. सहा-सात-आठ हा सहलीचा मंत्र. सहाला उठवण्याचा फोन, सातला नाश्ता, आठला बस. बस सुटली की अंताक्षरी. गाणं आलं नाही तरी टाळ्या वाजवाव्या लागतात. शेजारच्याचं साखरेचं प्रमाण, त्याच्या मुलाचं कॅनडातलं घर, सगळं ऐकून 'वा' म्हणावं लागतं. चित्तोडला विजयस्तंभापाशी आम्हाला वीस मिनिटं मिळाली. राणा कुंभानं पंधराव्या शतकात उभारलेला नऊ मजली स्तंभ. त्यातली दहा मिनिटं ग्रुप फोटोत गेली. उरलेल्या दहांत मी मान वर करून पाहायला लागलो, तोच शिट्टी वाजली.

घरी आल्यावर चार दिवस मी झोपलो. पाचव्या दिवशी म्हणालो, ''अगं, मी आठ दिवस समुद्रावर जाऊन राहू का? एकटाच.''

सौ.नं माझ्याकडं नीट पाहिलं. ''जा की. डबा नको ना द्यायला?''

जागा ठरवली मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं. एसटीनं दापोली आणि तिथून खाली समुद्राकडं. नारळी-पोफळीच्या वाडीत एका घरी खोली मिळाली. घरमालकांनी विचारलं, ''साहेब, मागून मंडळी येतायत ना?'' नाही म्हटल्यावर त्यांनी वहिनींकडं पाहिलं, वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्यासमोर सोलकढीचा पेला आला.

पहिले दोन दिवस बरे गेले नाहीत. सहाला जाग यायची आणि पुढं काय, ते कळायचं नाही. माणसाला आधी ऑफिसनं आणि मग टूर मॅनेजरनं इतकं वेळेला बांधलेलं असतं, की मोकळा वेळ हा हिशेबात न लागलेल्या रकमेसारखा टोचतो. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर वेड्यासारखा चार वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी समुद्र वेगळ्याच ठिकाणी.

तेव्हा घरमालकांनी मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही तेवढेच आणि रात्रीही तेवढेच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींना आडवी येते आणि पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्याला म्हणायचं भांग. सदतीस वर्षं व्याजाचे हिशेब केलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर कोष्टक कुठं मिळणार? मी पंचमीला पोचलो होतो. तिसऱ्या दिवसापासून घड्याळ पिशवीत गेलं आणि कालनिर्णय हातात आलं.

मग दिवस आपोआप लागले. ओहोटीला ओल्या वाळूवर चालायचं. तिथं इवलाले खेकडे वाळूतलं खाणं काढून घेऊन उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या करून टाकतात आणि बिळाभोवती रांगोळी उमटते. पुढच्या भरतीला ती पुसली जाते. थंडीत आलेले कुरव पक्षी थव्यानं बसलेले असतात. कुणी जवळ गेलं की उठतात आणि थोडं पुढं जाऊन परत बसतात. दुपारी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि झोप. संध्याकाळी सूर्य बुडेपर्यंत काहीही न करणं. डॉल्फिन दाखवायला नेणारे नाववाले रोज विचारायचे. रोज नाही म्हणायचो. दाखवलेलं पुष्कळ पाहून झालं होतं.

एक दिवस रिक्षानं हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आणि १७५५ साली कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला तो किल्ला. चित्तोड २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, सुवर्णदुर्ग २०२५ साली. एकाला मी दहा मिनिटं पाहिलं, दुसऱ्याला सबंध दुपार, तेही नुसतं काठावर बसून. ऊन कलतं तसा तटाचा रंग बदलतो, हे दहा मिनिटांत कळत नाही. संध्याकाळी होड्या आल्या आणि मासळीचा लिलाव सुरू झाला. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग वाळूवर. बोली तोंडी, नजर तिखट आणि व्यवहार चोख. कोळणींचा तो झपाटा पाहून मला आमच्या कर्ज समितीच्या बैठका आठवल्या.

मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढं १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्या माणसानं १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. गावात हिंडताना मनात येत होतं, की वाळीत पडणं म्हणजे लादलेलं एकटेपण. माझं एकटेपण हौसेचं, आठ दिवसांचं, परतीच्या तिकिटासकट. एकाकीपणा आणि एकांत यांत फरक एवढाच, की एकांताचं दार आतून उघडता येतं.

द्वादशीला घरी परतलो. चहा घेता घेता सगळं सांगितलं. सौ.नं भरतीचा हिशेबसुद्धा नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, ''अहो, या आठ दिवसांत तुमच्याकडं कुणी एकदाही चहा मागितला नाही ना?''

''नाही.''

''मग मलाही जायचंय. एकटीला.''

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. एवढ्या काळात ती माहेरी गेली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, सहलींना गेली. पण जिथं तिच्यावाचून कुणाचं अडत नाही, अशा छपराखाली ती एक रात्रही राहिली नव्हती. मी एकटा निघालो तेव्हा मुलानं मोबाइलचा चार्जर घेतलात का, एवढंच विचारलं होतं. आईचं कळल्यावर त्याचा रात्री दहाला फोन. ''बाबा, तुमचं काही बिनसलंय का?'' तिला आधी दुसऱ्या एका गावात जायचं होतं. तिथल्या लॉजनं फोनवरच सांगितलं, की एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. कारण विचारलं, तर 'तसा नियम आहे.' नियम कुणाचा, ते सांगितलं नाही. शेवटी मुरुडलाच विचारलं. तिथल्या वहिनी म्हणाल्या, ''पाठवा हो. मला काय, मलाही सोबत होईल.'' हे शेवटचं वाक्य मी सौ.ला सांगितलं नाही.

ती मार्चमध्ये पाच दिवस राहून आली. काय केलं, विचारल्यावर म्हणाली, ''काही नाही.'' खूप खोदल्यावर कळलं, की पहिल्या दिवशी ती नऊपर्यंत अंथरुणात लोळत होती. रोज संध्याकाळी वाळूत बसून सूर्य बुडताना पाहायची आणि दिवेलागणीला घरी पोचायची घाई नसायची. वहिनींनी सोबतीला येऊ का विचारलं, तेव्हा तिनं हसून 'उद्या' म्हटलं. पाचही दिवस.

ज्यांना जावंसं वाटेल त्यांनी शनिवार-रविवार टाळावा. त्या दोन दिवशी किनाऱ्यावर गाड्या येतात आणि वाळूत रुततात. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावं, ओहोटीला तर नक्कीच. दरवर्षी बाहेरून आलेली माणसं या किनाऱ्यांवर बुडतात, ती बहुधा न विचारल्यामुळं. आणि घरातल्या बाईला सहलीला नेलं म्हणजे विश्रांती दिली, असं समजू नये. सहलीत तिला स्वयंपाकातून सुट्टी मिळते, माणसांतून नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कन्याकुमारीच्या सहलीला जाणार आहोत, ग्रुपबरोबरच. अंताक्षरीसाठी सौ.नं गाणी काढून ठेवली आहेत. परतल्यानंतरचे आठ दिवस मुरुडची खोली आत्ताच सांगून ठेवली आहे. पहिले चार दिवस तिचे, नंतरचे चार माझे.