बोट लागली, की साखर उतरली?

आपला वऱ्हाडी माणूस पाण्याला ओळखतो तो विहिरीपुरता, नाहीतर नाल्याच्या पुरापुरता. समुद्र आपल्या वाट्याला येतो तो सहलीत. मागच्या हिवाळ्यात अमरावती-अकोल्याची मिळून आम्ही चार कुटुंबे मालवणला गेलो होतो. पहिल्या दिवशी होडीतून सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी तो उभारला. चहूकडे खारे पाणी, आणि आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! साखरबावेच्या नावावरून आमच्या एका मधुमेही स्नेह्यांची बरीच थट्टा झाली.

दुसऱ्या दिवशी देवबागहून एक खाजगी बोट ठरवली. कर्ली नदीच्या खाडीतून संगमापर्यंत जायचे, थोडे समुद्रात फिरायचे आणि येताना वाळूच्या बेटावर उतरायचे. २००४ च्या त्सुनामीनंतर हे बेट वर आले, असे तिथले लोक सांगतात आणि त्याला त्सुनामी बेटच म्हणतात. खाडीत पाणी संथ होते. संगम ओलांडला आणि बोट हलू लागली. आमचे ते स्नेही गप्प झाले, अंगाला घाम सुटला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, याईले बोट लागली वाटते." मीही मान हलवली. लिंबू हुंगायला दिले आणि मोकळा झालो.

चूक माझी लक्षात आली ती बेटावर उतरल्यावर. पाय जमिनीला लागले की बोट लागलेला माणूस हळूहळू सावरतो. हे गृहस्थ उलट जास्तच बिघडले. हात थरथरत होते, शर्ट ओलाचिंब, आणि विनाकारण मुलावर ओरडत होते. विचारले तेव्हा उलगडा झाला. "गोळी घेतली, पण नाश्ता नाही केला. बोटीत उलटी होईन म्हनून." गोळी होती ग्लिमेपिराइडची. म्हणजे पोट रिकामे आणि साखर उतरवणारे औषध पोटात.

बोटवाल्याजवळ कोकम सरबताची बाटली होती. ती पुढे केली, तर वहिनींनी हात धरला, "याईले साखर चालत नाही!" वाचकहो, ही गोष्ट मी दवाखान्यात शंभरदा ऐकली आहे. एरवी साखर वर्ज्य असली तरी त्या वेळी साखर हेच औषध असते. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून, किंवा कोणतेही गोड सरबत द्यावे. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यावे. मात्र माणूस शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा. आणि बरे वाटले म्हणून थांबू नये. या गोळीचा परिणाम दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून लगेच पोळी-भात असे जेवण हवे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच नियम. बोटीत बसण्याआधी हलका का होईना, नाश्ता हवाच, आणि खिशात साखरेची पुडी.

आता बोट लागण्याविषयी. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांसमोर बोटीचे बाक स्थिर दिसते. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. उपाय सोपा आहे: बोटीच्या मध्यभागी बसावे, नजर दूर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलमध्ये डोके घालू नये. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती कामाची नाही. पुष्कळजण ओन्डान्सेट्रॉन घेऊन जातात, ते या त्रासावर फारसे चालत नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्यावर दारू नको, गाडी चालवणे नको. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांची लघवी त्यांनी अडू शकते, काचबिंदूवाल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन मुळीच नाही.

लाइफ जॅकेटबद्दलही बोलायला हवे. आमच्या बोटीत ती होती, पण चौघांनी ती बसायला घेतली होती! १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले, बहुतेक एकमेकांच्या नात्यातले. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. आपल्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. जॅकेट अंगात, पट्टे आवळून, बोट सुटण्याआधी; आणि लहान मुलाला त्याच्या मापाचे, कारण मोठ्या जॅकेटमधून पोर खाली निसटते. ठरल्यापेक्षा जास्त माणसे चढवत असतील तर उतरावे, पैसे गेले तरी.

अर्ध्या तासात आमचे स्नेही ताळ्यावर आले. मुलावर का ओरडलो, ते त्यांना आठवेना. परतताना त्यांनी नजर क्षितिजावर ठेवून डब्यातल्या दोन दशम्या खाल्ल्या, आणि त्यांना काही झाले नाही. उलटी झाली ती मला. सकाळच्या धांदलीत माझी गोळी बॅगेतच राहिली होती.