जिवंत पेशीचा पाझर

डिसेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची अतिरिक्त जमीन विकायला मंजुरी दिली आणि पिंपरीतल्या जुन्या माणसांना ते लागलं. याच एचए कंपनीत 1955 पासून पेनिसिलिन होत होतं. टाक्यांमधली बुरशी ते पेशीबाहेर सोडायची, कामगार ते वेगळं काढायचे. पेशीच्या स्रावावर इथले कित्येक संसार उभे राहिले.

पण पेशी स्राव सोडते कशी? जॉर्ज पलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडात प्रथिनांची वाट शोधली, 1974 मध्ये नोबेल मिळवलं. मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली यायची ती मेलेली पेशी. क्रम जुळवायचा तो तर्काने.

पुढची वीसेक वर्षं ओलांडून थेट 1997 गाठावं. त्या वर्षी वोल्फहार्ड अल्मर्स यांच्या गटाने अधिवृक्क ग्रंथीच्या जिवंत पेशींत चमकणारा रंग भरला आणि काचेलगतचा अगदी पातळ थर तेवढा उजळला. स्रावाने भरलेला एकेक कण पेशीच्या आवरणाला टेकून रिता होताना दिसला. 2001 मध्ये जपानात हारुओ कासाई यांच्या चमूने स्वादुपिंडाच्या पेशींभोवती चमकणारं द्रावण ठेवलं. कण उघडला की द्रावण आत शिरे आणि तो झळके. मग त्याच्यामागचा कण त्यालाच जोडला जाई. पलाडेंच्या स्थिरचित्रांत हा खेळ कधीच पकडता आला नसता.

जिवंत पेशी पाहण्याच्या या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि त्याची दखल इथे फारच कमी घेतली गेली. 1997 मध्येच सुदीप्त मैती आणि कॉर्नेलमधल्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन पाहायला रंग घालावाच लागत नाही. त्याला स्वतःची चमक आहे. ती जागवायला अतिनील प्रकाश लागतो आणि तो पेशीला इजा करतो. म्हणून अवरक्त प्रकाशाचे तीन कण एकाच वेळी आदळवायचे. मैती पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. 2008 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी सेरोटोनिन केवळ टोकांतून नव्हे, पेशीच्या मुख्य अंगातूनही सोडतात. चेतापेशी ही ग्रंथी नव्हे. पण पुड्या भरून ठेवायच्या आणि हाक आली की रित्या करायच्या, ही रीत तीच.

आणि आजही वैद्यकाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत स्वादुपिंड गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनीच रंगवतात. ते यायलाच हवं. पण कण फुटतानाची चित्रफीत दाखवायला महागडा लेसर लागत नाही, वर्गातला प्रोजेक्टर पुरतो. ती न दाखवता परीक्षेत ‘स्राव’ यावर पाच गुणांची टीप मागणं हा मुलांवर अन्याय आहे.